कंपाइल कुणी करायचं? लायब्ररी सोर्समधून द्यावी की तयार बायनरी

माझी एक छोटी लायब्ररी आहे. सी मध्ये लिहिलेली, वरून पायथनचं पातळ आवरण. काम एकच, देवनागरी मजकूर अक्षरगटांत तोडायचा. ‘कर्तृत्व’ या शब्दात युनिकोडच्या हिशेबाने आठ कोडपॉइंट येतात, पण वाचणाऱ्याला तीनच अक्षरं दिसतात: क, र्तृ, त्व. ती तीन काढून द्यायची, बस. पहिली आवृत्ती मी पायपीआयवर (पायथन पॅकेजांचं सार्वजनिक भांडार) फक्त सोर्स, म्हणजे कंपाइल न केलेला कोड, म्हणून टाकली. माझ्या लिनक्स लॅपटॉपवर पाच सेकंदांत बसायची, म्हणून जगातही बसत असेल असं मी धरून चाललो. मग एका कॉलेजातल्या प्राध्यापकांची मेल आली: “सर, आमच्या लॅबमध्ये विंडोज आहे. इन्स्टॉल करताना लाल अक्षरं येतात, मुलं घाबरतात.” त्या लाल अक्षरांत म्हटलं होतं की मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस १४.० किंवा पुढची आवृत्ती लागेल. म्हणजे काही जीबींचं डाउनलोड आणि वर ॲडमिनचा पासवर्ड. कशासाठी, तर काही शे ओळींच्या लायब्ररीसाठी.

त्यानंतर मी बायनरी, म्हणजे आधीच कंपाइल केलेली फाइल, द्यायला लागलो आणि वेगळ्या प्रकारच्या मेल यायला लागल्या. खालचं सगळं त्यातून शिकलेलं आहे. उदाहरण पायथनचं घेतलंय, कारण तिथे सोर्स आणि बायनरी एकाच दुकानात शेजारीशेजारी ठेवता येतात. इतर भाषांबद्दल मध्ये थोडं येईल.

आधी हिशेब करा

कंपाइल कुठेतरी व्हावंच लागतं. सोर्स दिलात की कंपायलर, हेडर फाइली, बिल्डची साधनं हे सगळं वापरणाऱ्याने जमवायचं. बायनरी दिलीत की त्याच्या मशीनबद्दलचे सगळे अंदाज तुम्ही तुमच्या मशीनवर बसून आधीच बांधून टाकलेले असतात. एखादा अंदाज चुकला तर तो बिचारा काही दुरुस्त करू शकत नाही. सोर्स फुटतो तो इन्स्टॉल करताना, आरडाओरडा करत. बायनरी फुटली तर चालताना फुटते, कधीकधी महिन्याभराने, आणि मागे फक्त ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढे दोन शब्द ठेवते. हा फरक मला बाकी सगळ्या वादापेक्षा मोठा वाटतो.

कागद घ्या आणि लिहा: वापरणारे कोण, त्यांच्याकडे कंपायलर असतो का, मशीन कोणती आणि एखादा बग सापडला की नवी बायनरी किती दिवसांत काढायची तुमची तयारी आहे. वापरणारे सगळे सी प्लस प्लसचे प्रोग्रामर असतील तर पुढचं निम्मं वाचायची गरज नाही; सोर्स द्या आणि मोकळे व्हा. विद्यार्थी, संशोधक, डेटावाले असतील तर बायनरीला पर्याय नाही.

माझं मत आत्ताच सांगतो: दोन्ही द्या. पण सोर्स हा करार समजा आणि बायनरी ही सोय. उलटं केलंत की सोर्स हळूहळू कुजतो. वर्षभराने तो तुमच्याशिवाय कुणाच्याच मशीनवर बांधला जात नाही आणि तुम्हाला ते कळतही नाही.

पायरी १: सोर्सचं गाठोडं नीट बांधा

रेपो (गिटमधलं कोडचं फोल्डर) म्हणजे सोर्स पॅकेज नव्हे. गिटमधून क्लोन केलेल्या फोल्डरमध्ये बिल्ड चालतो, म्हणून गाठोड्यातूनही चालेल असं नाही. सगळ्यात जास्त वेळा राहून जाते ती हेडर फाइल. सी ची फाइल आपोआप आत जाते, कारण ती बिल्डच्या यादीत लिहिलेली असते. तिच्या शेजारची डॉट एच फाइल कुठेच लिहिलेली नसते, म्हणून ती बाहेर राहते. माझ्या पहिल्या तीन आवृत्त्यांपैकी दोनमध्ये हेच झालं होतं.

म्हणून एक सवय लावून घ्या. गाठोडं बांधा, रेपोच्या बाहेर एका रिकाम्या फोल्डरमध्ये सोडा, तिथून बिल्ड करा, तिथूनच चाचण्या चालवा. सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप बिल्ड आणि चाचण्या चालवणारी यंत्रणा) हे रोजच्या रोज व्हायला हवं. पिपला (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) ‘नो-बायनरी’ हा पर्याय देऊन तुमच्या पॅकेजचं नाव सांगितलं की तो तयार व्हील, म्हणजे पायथनचं बायनरी पॅकेज, बाजूला ठेवून सोर्समधूनच बांधतो. ती आज्ञा सीआयमध्ये कायमची टाकून ठेवा.

‘सोर्स आहे म्हणजे विश्वासार्ह आहे’ हाही भाबडेपणाच. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत मागचं दार सापडलं. आवृत्ती ५.६.० आणि ५.६.१. दुष्ट कोडचा मुख्य भाग चाचणीच्या बायनरी फाइलींत दडवलेला होता आणि त्याला जागं करणारी बिल्डची स्क्रिप्ट फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (सोर्सच्या गाठोड्यात) होती, गिटमध्ये नव्हती. गिटमधला कोड ओळ न् ओळ वाचणाऱ्यालाही ती दिसली नसती. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या डेव्हलपरला एसएसएचच्या लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला, त्यातून ते उघडकीला आलं. तेव्हा टारबॉल हाताने बनवू नका. टॅगवरून, सीआयमध्ये, आपोआप बनू द्या आणि गिटमधल्या फाइली व गाठोड्यातल्या फाइली यांची तुलना करणारी एक छोटी पायरी ठेवा.

तुमचा कोड शुद्ध सी मध्ये असेल आणि बाहेरच्या कशावर अवलंबून नसेल, तर एसक्यूलाइटचा मार्ग बघा. त्यांचा शंभराहून जास्त फाइलींचा सोर्स ते एका अजस्र सी फाइलमध्ये जोडून देतात. ती एक फाइल आणि एक हेडर उचलून आपल्या प्रोजेक्टमध्ये टाकली की झालं. कंपायलरला सगळा कोड एकत्र दिसतो, त्यामुळे वेगही ५ ते १० टक्के वाढतो असं ते सांगतात. इतका सोपा सोर्स देता आला तर बायनरीची निकड बरीच कमी होते.

पायरी २: बायनरी कशाकशाला बांधलेली असते ते वाचायला शिका

व्हीलच्या फाइलचं नाव नीट वाचलं तर अर्धी कहाणी तिथेच असते. नावाच्या शेवटी असं काही दिसतं: सीपी३१२-सीपी३१२-मॅनीलिनक्स_२_२८_एक्स८६_६४. पहिला तुकडा म्हणजे सीपायथन (नेहमीचा पायथन) ३.१२ साठी. दुसरा म्हणजे त्याच आवृत्तीच्या एबीआयला बांधलेलं, एबीआय म्हणजे कंपाइल झालेल्या दोन तुकड्यांमधला करार: कुठलं स्ट्रक्चर किती बाइटचं, कुठलं फंक्शन कुठल्या नावाने. तिसरा तुकडा सांगतो की लिनक्स, जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.२८ किंवा नवी, प्रोसेसर ६४ बिट इंटेल-एएमडी जातीचा.

पहिल्या फटक्यात माणसं अडखळतात ती जीलिबसीवर. जुन्या जीलिबसीवर बांधलेली बायनरी नव्यावर चालते; नव्यावर बांधलेली जुन्यावर चालेलच असं नाही. उबुंटू २२.०४ मध्ये जीलिबसी २.३५ आहे, २०.०४ मध्ये २.३१. मी २२.०४ वर थ्रेड वापरणारी लायब्ररी बांधली आणि २०.०४ वाल्याला ‘जीलिबसी २.३४ सापडली नाही’ असं उत्तर मिळालं. मी तर २.३४ मधलं काहीही नवं वापरलं नव्हतं! कारण असं की २.३४ मध्ये थ्रेडची लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाली आणि ‘पीथ्रेड क्रिएट’सारख्या जुन्या फंक्शनांनाही नव्या आवृत्तीचा शिक्का बसला. बांधताना लिंकर नेहमी सगळ्यात नवा शिक्का उचलतो. ऑब्जडम्पला (बायनरीच्या आत डोकावणारं साधन) मोठ्या टी चा पर्याय देऊन तुमची डॉट एसओ फाइल, म्हणजे लिनक्सवरची कंपाइल झालेली लायब्ररी, दाखवा. प्रत्येक फंक्शनसमोर त्याचा शिक्का दिसतो, आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा तीच तुमच्या बायनरीची खरी अट.

पायरी ३: बांधायची जागा स्वच्छ आणि जुनी ठेवा

गिरणीत आपल्या आधी कुणी मिरची दळून गेलं असेल तर आपल्या गव्हाचं पीठ झणझणीत निघतं. बिल्डच्या मशीनचंही तसंच असतं. माझ्या लॅपटॉपवर कधीकाळी इन्स्टॉल केलेली आयसीयू नावाची एक युनिकोडची लायब्ररी होती. बिल्डच्या स्क्रिप्टने ती शोधून गुपचूप जोडून घेतली. माझ्याकडे सगळं व्यवस्थित, बाहेर मात्र ‘शेअर्ड लायब्ररी उघडता येत नाही’. स्वतःच्या लॅपटॉपवर बांधलेली बायनरी कधीही अपलोड करू नका, घाईतही नाही.

लिनक्ससाठी मॅनीलिनक्सच्या (बऱ्याच लिनक्सवर चालणाऱ्या व्हीलची खूण) डॉकर प्रतिमा, म्हणजे तयार, वेगळी ठेवलेली लिनक्सची वातावरणं, वापरा. २०१६ मधली पहिली मॅनीलिनक्स सेंटओएस ५ वर उभी होती, जीलिबसी २.५. पुढे मॅनीलिनक्स२०१४ आली सेंटओएस ७ वर, जीलिबसी २.१७. सेंटओएस ७ चा आधार जून २०२४ मध्ये संपला, म्हणून आता नव्या प्रोजेक्टने अल्मालिनक्स ८ वरची मॅनीलिनक्स_२_२८ धरावी. युक्ती सगळीकडे एकच आहे: जुनी जीलिबसी, पण कंपायलर नवा.

हे सगळं हाताने करायचं नाही. सीआयबिल्डव्हील नावाचं साधन लिनक्स, मॅक आणि विंडोज तिन्हींवर, पायथनच्या प्रत्येक आवृत्तीसाठी व्हील बांधतं, दुरुस्त करतं आणि वेगळ्या वातावरणात इन्स्टॉल करून चाचणी घेतं. पंधरावीस ओळींच्या कॉन्फिगरेशनमध्ये भागतं. मी त्याआधी चार महिने स्वतःच्या शेल स्क्रिप्ट लिहीत बसलो होतो, त्याबद्दल जास्त बोलत नाही.

अल्पाइन लिनक्सला विसरू नका. डॉकरवाल्यांचा तो लाडका, पण त्यात जीलिबसी नसून मसल नावाची दुसरी सी लायब्ररी असते आणि मॅनीलिनक्सची व्हील तिथे लागूच होत नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये क्रिप्टोग्राफी या पॅकेजची ३.४ आवृत्ती आली, तिचा काही भाग रस्टमध्ये गेला होता. व्हील मिळणाऱ्यांना पत्ताही लागला नाही. अल्पाइनवाल्यांना मात्र सोर्समधून बांधावं लागायचं, आणि एका सकाळी त्यांच्या बिल्डमध्ये रस्टचा कंपायलर मागितला जाऊ लागला. मसलसाठी वेगळी खूण, मसललिनक्स, त्याच वर्षी आली. सीआयबिल्डव्हील तीही बांधतं.

पायरी ४: सोबतच्या लायब्रऱ्या आत भराव्यात का?

तुमची लायब्ररी दुसऱ्या डॉट एसओ वर अवलंबून असेल तर ऑडिटव्हील ती उचलून व्हीलच्या आत ठेवतो, नावाला हॅशचं शेपूट लावतो आणि शोधायचा रस्ता बदलून देतो. मॅकवर डेलोकेट, विंडोजवर डेलव्हव्हील हेच काम करतात. सोय उत्तम. पण आत भरलेली प्रत्येक लायब्ररी आता तुमची जबाबदारी. ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) आत भरलंत की त्याच्या प्रत्येक सुरक्षा-दुरुस्तीला तुम्हालाही नवा रिलीज काढावा लागणार, कारण वापरणाऱ्याने सिस्टिम कितीही अपडेट केली तरी तुमच्या व्हीलमधली प्रत जुनीच राहते.

आणि एकाच प्रोसेसमध्ये एका लायब्ररीच्या दोन प्रती आल्या की कधीकधी भांडणं लागतात. पोस्टग्रेसशी बोलणाऱ्या सायकोपीजी२ ला हे भोगावं लागलं. व्हीलमध्ये स्वतःची एसएसएल, पायथन स्वतः सिस्टिमची एसएसएल उघडणार, आणि थ्रेड वाढले की प्रोग्राम कोसळणार. शेवटी २०१८ मध्ये त्यांनी तयार बायनरीसाठी ‘सायकोपीजी२-बायनरी’ असं वेगळंच नाव काढलं आणि प्रॉडक्शनसाठी सोर्समधून बांधायचा सल्ला दिला. मला हा तोडगा प्रामाणिक वाटतो. नावावरूनच कळतं की काय घेताय.

माझा नियम: झेडलिबसारखं छोटं, शांत काही असेल तर आत भरा, शक्यतो स्टॅटिक, म्हणजे थेट तुमच्याच बायनरीत मिसळून. एसएसएल, डेटाबेसचा क्लायंट, जीपीयूचा ड्रायव्हर यांना हात लावू नका. परवानाही बघा. एलजीपीएलची लायब्ररी स्टॅटिक जोडलीत तर ती बदलून पुन्हा लिंक करता येईल एवढं साहित्य वापरणाऱ्याला द्यावं लागतं.

पायरी ५: बायनरींची संख्या घटवा

पायथनच्या पाच आवृत्त्या. लिनक्स इंटेल, लिनक्स आर्म, अल्पाइन, मॅक इंटेल, मॅक आर्म, विंडोज असे सहा प्लॅटफॉर्म. झाली तीस व्हील प्रत्येक रिलीजला. इथे एबीआय३ कामाला येतो. पायथन ३.२ पासून सी एपीआयचा एक मर्यादित भाग ‘बदलणार नाही’ म्हणून ठरवून दिलेला आहे. कंपाइल करताना ‘पाय लिमिटेड एपीआय’ हा मॅक्रो, समजा, ३.९ ला लावलात तर तीच बायनरी ३.९ पासून पुढे सगळीकडे चालते. तीसच्या सहा होतात. किंमत म्हणजे काही जलद मॅक्रो वापरता येत नाहीत, आणि ३.१३ व ३.१४ च्या फ्री-थ्रेडेड (अनेक थ्रेड खरोखर एकाच वेळी चालवणाऱ्या) बिल्डसाठी हा मार्ग बंद आहे. मला मोजून बघितल्यावर वेगात फरक जाणवला नाही. तुमच्याकडे तुम्ही मोजा. जावास्क्रिप्टच्या नोडवाल्यांनी याच कारणासाठी नोड-एपीआय वापरावं.

तुमची लायब्ररी नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीच्या सी एपीआयला चिकटलेली असेल तर आणखी एक बंधन वाढतं. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आलं तेव्हा १.x वर बांधलेल्या बायनरी त्यावर चालेनाशा झाल्या. उलट २.० वर बांधलेल्या मात्र १.x च्या अलीकडच्या आवृत्त्यांवरही चालतात. तेव्हा बांधताना २.० किंवा नवं वापरा.

सी प्लस प्लसची लायब्ररी थेट बायनरीत देणार असाल तर सीमेवर फक्त सी ठेवा. फंक्शनच्या तोंडावर स्ट्रिंग किंवा व्हेक्टर आला की कंपायलरची आवृत्तीही करारात येऊन बसते. २०१५ मध्ये जीसीसी ५ ने स्ट्रिंगची आतली रचना बदलली, त्याचे पडसाद कित्येक वर्षं उमटत राहिले. विंडोजवर आणखी एक पथ्य: मेमरी ज्याने घेतली त्यानेच सोडायची. डिबग आणि रिलीज रनटाइमची सरमिसळ झाली की एकाने घेतलेली मेमरी दुसरा सोडायला जातो आणि तिथेच राम म्हणतो. म्हणून ‘बनवा’ फंक्शनासोबत ‘मोडा’ फंक्शनही द्या.

आणि ‘मार्च नेटिव्ह’ हा पर्याय बिल्डच्या फाइलीतून आजच काढून टाका. तो तुमच्या प्रोसेसरच्या सगळ्या खास सूचना वापरतो. जुन्या मशीनवर तीच बायनरी ‘इलीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून मरते. मशीन लर्निंगच्या टेन्सरफ्लोने २०१८ मध्ये १.६ पासून तयार बायनरीत एव्हीएक्स (नव्या प्रोसेसरवरच्या खास सूचना) धरलं, तेव्हा जुने प्रोसेसरवाले असेच अडकले. वेग हवाच असेल तर एका फंक्शनच्या दोनतीन आवृत्त्या आत ठेवा आणि चालताना प्रोसेसर बघून निवडा. नमपाय हेच करतं.

पायरी ६: कोऱ्या मशीनवर चाचणी

इम्पोर्ट झालं म्हणजे झालं असं नाही. माझी एक व्हील इम्पोर्ट व्हायची, पण अक्षरांचा तक्ता असलेली डेटा फाइल आत गेलीच नव्हती. आता प्रत्येक व्हीलला ‘कर्तृत्व’ द्यायचं आणि तीन आले का बघायचे. आठ आले तर तक्ता वाचलाच गेला नाही हे तिथल्या तिथे कळतं. चाचणी रेपोच्या फोल्डरमधून चालवू नका, नाहीतर पायथन इन्स्टॉल केलेलं पॅकेज सोडून शेजारचा सोर्स उचलतो आणि तुम्ही खोट्या समाधानात राहता.

‘ओन्ली-बायनरी’ पर्यायाला ‘ऑल’ देऊन, नवी आवृत्ती नेमकी सांगून इन्स्टॉल करून बघा. व्हील मिळालं नाही तर पिप सोर्सकडे न वळता तिथेच थांबतो आणि कुठला प्लॅटफॉर्म राहिला ते कळतं.

विश्वासाचा प्रश्न

२०२३ मध्ये रस्टच्या सर्डे-डिराइव्ह या अतिशय वापरल्या जाणाऱ्या पॅकेजने बिल्डचा वेळ वाचावा म्हणून लिनक्ससाठी तयार बायनरी आत घातली. रस्टमध्ये सगळं सोर्समधूनच बांधायची रीत, त्यामुळे गदारोळ झाला आणि काही आवृत्त्यांनी ती काढावी लागली. गो ने तर २०१९ मध्ये १.१३ पासून फक्त-बायनरी पॅकेजांचा आधारच बंद केला. दुसरीकडे, सोर्समधून बांधण्यासाठीच ओळखल्या जाणाऱ्या जेंटू या लिनक्सने डिसेंबर २०२३ मध्ये तयार पॅकेजं द्यायला सुरुवात केली. रीत ज्या गावची त्या गावात पाळावी.

बायनरी द्याल तर ती कुठून आली हे दाखवता यायला हवं. बिल्ड सार्वजनिक सीआयमध्ये ठेवा. ‘सोर्स डेट इपॉक’ हे व्हेरिएबल ठरवून द्या, म्हणजे फाइलींत शिरणाऱ्या तारखा स्थिर राहतात आणि दुसऱ्याला तीच बायनरी बाइट न् बाइट जुळवून बघायची शक्यता निर्माण होते. पायपीआयवर २०२३ पासून ट्रस्टेड पब्लिशिंग, म्हणजे सीआयची ओळख पटवून थेट अपलोड करायची सोय, आहे. ते वापरा, म्हणजे कायमचा टोकन (पासवर्डसारखी गुप्त किल्ली) कुठे साठवावा लागत नाही.

रिलीजच्या दिवशीचा क्रम

हा क्रम चुकल्यामुळे मी एकदा रविवार घालवला, म्हणून नीट सांगतो. आधी टेस्टपायपीआयवर (पायपीआयची सरावाची प्रत) टाका. मग खऱ्या जागी आधी सगळी व्हील चढवा आणि सोर्सचं गाठोडं सगळ्यात शेवटी. उलटं केलंत तर मधल्या दहापंधरा मिनिटांत ज्याने इन्स्टॉल केलं त्याला नवी आवृत्ती फक्त सोर्समध्ये दिसते. पिप जुन्या आवृत्तीच्या व्हीलकडे न जाता नवी सोर्समधून बांधायला घेतो आणि लाल अक्षरं परत येतात. त्या रविवारी आलेली मेल त्याच प्राध्यापकांची होती: “सर, परत तेच.”

एकदा चढवलेली फाइल त्याच नावाने पुन्हा चढवता येत नाही, पुसली तरीही. चूक झाली तर आवृत्ती ‘यँक’ करा (मागे घेतल्याची खूण लावा) आणि पुढचा आकडा घ्या. यँक केलेली आवृत्ती नेमकी मागणाऱ्यालाच मिळते, बाकीच्यांना पिप ती देत नाही.

एखादा प्लॅटफॉर्म सोडायचा असेल, समजा इंटेल मॅक, तर व्हील बंद करण्याच्या एक रिलीज आधी बदलांच्या नोंदीत लिहा आणि त्या मशीनवर सोर्समधून बांधायला काय काय लागतं तेही तिथेच द्या. कंपायलर सापडला नाही तर येणारा संदेश स्वतः लिहा. माझ्यात आता असं येतं: ‘तुमच्या मशीनसाठी तयार बायनरी नाही, सी कंपायलर लागेल, तो बसवायची आज्ञा ही’. त्याखाली त्या त्या सिस्टिमची एक ओळ. ती ओळ घातल्यापासून त्या विषयावरच्या मेल जवळजवळ थांबल्या.